सायकल, नळी आणि ‘अहो’

ही मार्गदर्शिका वसई-विरारमधल्या अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांच्यापैकी एकाने नुकताच मोबाइलवर कुठल्याशा निळ्याशार बेटाचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्याला तो जेवता जेवता दाखवला. व्हिडिओत एक जोडपं नारळीच्या सावलीतून सायकली हाणत जातं, लगेच तोंडात नळी धरून पाण्यात पालथं पडून रंगीत मासे बघतं आणि बाहेर येऊन शहाळं पितं. त्यांना घाम येत नाही. त्यांची चेन पडत नाही. ‘मी आधीच सांगत होते’ हे वाक्य तिथे कोणी उच्चारत नाही. हे सगळं आपल्यालाही जमेल असं वाटलं असेल, तर जमेल. फक्त क्रमाने करा.

पायरी पहिली : बेट ठरवणे

व्हिडिओतल्या बेटाचं दोघांचं विमानभाडं एकदा पाहून घ्या. पाहिलंत? आता मोबाइल उलटा ठेवा.

बेटावर ‘जावं लागतं’ हा नवशिक्यांचा पहिला गैरसमज. तुम्ही बेटावरच राहता. पोर्तुगीज काळातल्या नकाशांत वसई बेट म्हणूनच काढलेली असते : दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेकडून या सगळ्याला वेढा पुरा करणारी सोपाऱ्याची खाडी. ही शेवटची खाडी आधी गाळाने भरत आली, मग माणसांनी भरत आणली, आणि बेटपणाचा सगळ्यांना विसर पडला. जुलैतल्या एखाद्या आठवड्यात तो पुन्हा आठवतो, पण त्या आठवड्यात सायकल काढू नये.

बेट झालं, आता उष्ण कटिबंध. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, वसई साडेएकोणीसच्या आसपास. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आपण उष्ण कटिबंधात मोडतो. विरार लोकलमध्ये सकाळी आठ वाजता पुस्तकाचीही गरज लागत नाही.

बाकी सामान मोजून घ्या. नारळी आहेत. पांढरी चर्च आहेत. केळीच्या बागा, पानवेली, सोनचाफा आणि मोगऱ्याच्या वाड्या अजून आहेत. किती दिवस आहेत हे बिल्डर जाणोत. किनाऱ्याने सुरूची बनं आहेत. ऐन समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला आहे. व्हिडिओतल्या बेटावर होतं आणि आपल्याकडे नाही, असं एकच : ज्यातून तळ दिसतो ते पाणी. त्याची व्यवस्था पुढे सहाव्या पायरीत केली आहे, तोवर धीर धरा.

सरावासाठी आणखी छोटं बेट हवं असेल तर पाणजू घ्या. नायगाव आणि भाईंदरच्या मधोमध, खाडीत. पश्चिम रेल्वेचे पूल त्याला लागूनच गेले आहेत, त्यामुळे रोज लाखो माणसं ते बेट बघतात आणि कोणालाही तिथे उतरावंसं वाटत नाही. मूळ सहलीसाठी मात्र आपण अर्नाळा धरू.

पायरी तिसरी : सायकल

(दुसरी पायरी म्हणजे डबा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, मुलांची आजीकडे रवानगी आणि गॅस बंद आहे का ते बघणे. ती तुमच्या बायकोने मघाशीच उरकली आहे.)

सायकल विकत घेऊ नका. निदान लगेच नको. वसईतल्या निम्म्या सोसायट्यांच्या जिन्याखाली २०२० साली मोठ्या उमेदीने घेतलेली एखादी सायकल टायर बसून उभी आहे. तिचा मालक ती आनंदाने देईल; वर ‘राहू दे तुझ्याकडेच’ असंही म्हणेल. एकवीस गिअरची मिळाली तर घ्या, पण त्यांतले अठरा वापरावे लागणार नाहीत. वसई किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतच्या वीसेक किलोमीटरच्या पट्टीत सर्वांत मोठा चढ म्हणजे गतिरोधक.

दोघांत मिळून एकच लांब सायकल, पुढे एक सीट आणि मागे एक, असलीही सायकल मिळते. ती टाळा. तिच्यात मागच्याला हँडल असतं पण ते वळत नाही, आणि पुढच्याला मागचा पाय मारतोय की नुसता बसलाय हे कळत नाही. लग्नात ही व्यवस्था आधीच लागू असताना तिच्यावर वेगळं भाडं का भरा?

हेल्मेट घाला. मात्र वसईत हेल्मेट घालून सायकल चालवणाऱ्या चाळिशीच्या माणसाला एक प्रश्न विचारला जातो, त्याची तयारी ठेवा. प्रश्न असा : ‘काय, गाडी बंद पडली?’ तो पापडीला विचारला जाईल, गिरीजला विचारला जाईल, निर्मळला मामाच्या साडूकडून विचारला जाईल. ‘नाही, व्यायाम’ हे उत्तर देऊ नये, कारण त्यावर ‘का, डॉक्टरने सांगितलं?’ असा दुसरा प्रश्न येतो आणि मग थांबावंच लागतं. थांबलात की चहा. म्हणून अनुभवी जोडपी नुसतं ‘हो, बंद पडली’ म्हणतात आणि पुढे निघतात. परदेशी बेटाचा खरा फायदा प्रवाळात नाही, तिथे आपला कोणी नातेवाईक राहत नाही यात आहे. वसईत वाडीवाडीला एक मावशी असते. सायकलचा सरासरी वेग काढताना मावश्या धरूनच काढावा.

घंटी वाजते की नाही बघा. या गावात घंटेचं महत्त्व जुनं आहे. चिमाजी आप्पांनी १७३९च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी दूरदूरच्या देवळांना नेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच. तुम्हाला इतकी मोठी लागणार नाही. रिक्षावाल्याला ऐकू जाईल एवढी पुरे, म्हणजे जवळपास तेवढीच.

पायरी चौथी : वारा, आणि पुढे कोण

पहाटे किल्ल्यापासून निघा आणि उत्तरेला जा. हिवाळ्यात-उन्हाळ्यात दुपार झाली की समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, वारा सुटतो. सकाळी उत्तरेला जाताना तो झोपलेला असतो आणि परतताना पाठीवर येतो. उलट केलंत, म्हणजे अर्नाळ्याहून निघून दुपारी परत अर्नाळ्याकडे वळलात, तर शेवटचे आठ किलोमीटर तोंडावर वारा घेत काढावे लागतात. त्या आठ किलोमीटरमध्ये बोललेलं काहीही दोघांनी मनावर घेऊ नये.

पुढे कोणी राहायचं हा नवशिक्यांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न. शास्त्र सांगतं, दमदार गड्याने पुढे राहून वारा अडवावा. व्यवहारात दमदार गडी वारा अडवत अडवत नजरेआड होतो. मागून मारलेली ‘अहो’ ही हाक वाऱ्याविरुद्ध साधारण दोन विजेच्या खांबांपर्यंत पोचते, हे लक्षात ठेवून अंतर राखा. तुम्ही एकमेकांना नावाने हाक मारत असाल तरी अंतर तेवढंच. सर्वांत सोपा नियम : जो हळू, तो पुढे. याने वेग कमी होतो हे खरं, पण संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याची भरपाई होते.

रस्ता असा : किल्ला, पाचूबंदर, सुरुची बाग, रानगाव, भुईगाव, गिरीज, निर्मळ, मग कळंब-राजोडी किंवा आतून आगाशी, आणि अर्नाळा. किल्ल्यात शिरलात तर बाहेर पडायला दोन तास लागतात, म्हणून तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा, असं माझं मत. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. तेव्हापासून चिमाजी आप्पांपर्यंत दोनशे वर्षं ते इथे राहिले आणि किल्ल्याच्या आत एक अख्खं शहर उभं करून गेले. आज त्या शहरात वड-पिंपळ राहतात आणि रविवारी लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. त्यांच्याकडे बघून हसू नका. तीही लवकरच सायकल घेणार आहेत.

वाड्यांतून जाताना रस्त्याकडेला हिरवट पाण्याची तळी दिसतील. ही बावखलं. वाडवडिलांनी खणलेली, पावसाचं पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवणारी. वसईच्या किनाऱ्यालगत समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं, ते थोपवण्यात यांचा मोठा वाटा. बरीचशी बुजवली गेली. टँकरच्या विरोधात आणि हरित वसईसाठी इथे जी चळवळ उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी जिचं नेतृत्व केलं, तिचं म्हणणं काय होतं हे कळायला एखाद्या शाबूत बावखलाच्या काठी दहा मिनिटं सायकल टेकवून बसावं. दमलेल्या नवऱ्याला बसायला हे कारण सन्माननीयही आहे. नळी तोंडात धरून बावखलात उतरण्याचा मोह मात्र आवरा. ते गावाचं पाणी आहे, आणि काठावर मावशी आहे.

आगाशीला पोचलात की व्यायाम संपला असं समजा. इथे भुजिंग मिळतं : कोळशावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा, वर मसाला. सायकलने जितकं जाळलं ते पहिल्या दोन घासांत परत येतं, उरलेली प्लेट निव्वळ नफा. शाकाहारी जोडीदाराने सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड, सायकलवर खिशात ठेवायला यापेक्षा चांगलं काही अजून कोणत्या कंपनीने बनवलेलं नाही.

पायरी पाचवी : भरतीचं गणित

होडीचं वेळापत्रक विचारू नका. भरती विचारा. किंवा स्वतः काढा, सोपं आहे : तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती; पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. मध्ये सहा तासांनी ओहोटी. मिनिटांची चूक धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. तिथी बघायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. १९७३ साली ते सुरू करणारे जयंत साळगावकर जन्माने मालवणचे, हे ध्यानात ठेवा. मालवण पुढे लागणार आहे.

नवऱ्याने हा हिशेब किनाऱ्यावर मोठ्याने करून दाखवू नये. शेजारी उभी असलेली कोळीण पाण्याकडे एकदा बघून तीच वेळ सांगते.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून बेट अगदी समोर, हाकेच्या अंतरावर वाटावं इतकं. होडीचा प्रवास दहा मिनिटांचा. चढताना आणि उतरताना गुडघाभर पाण्यातून जावं लागेल अशी तयारी ठेवूनच जा. बूट घालून आलेल्या माणसाची इथे सर्वांदेखत परीक्षा होते. सायकल होडीत घालता येते का? बेटावर माणसं राहतात. त्यांचं सिमेंट, सिलिंडर, धान्य सगळं असंच जातं, तेव्हा सायकलचं कोणाला नवल वाटणार नाही. पण नेऊ नका. बेट पायी फिरण्याएवढंच आहे आणि वाळूत सायकल ढकलणारं जोडपं हा बेटावरच्या पोरांचा दिवसभराचा करमणुकीचा कार्यक्रम होतो. सायकलसकट जलप्रवासाची हौस असेलच तर वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो आहे, २०२४च्या फेब्रुवारीपासून. तिच्यात ट्रकशेजारी सायकल धरून उभं राहण्याचा रुबाब काही औरच.

बेटावरचा किल्ला बघा. वैतरणेच्या मुखावर नजर ठेवायला गुजरातच्या सुलतानांनी इथे ठाणं केलं, पोर्तुगीजांनी ते घेतलं, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलं आणि नव्याने बांधलं. मुख्य दरवाजावर वाघ-हत्ती कोरलेत आणि बाजीरावांचं नाव असलेला शिलालेख आहे. आत अष्टकोनी तळं, महादेवाचं देऊळ, दर्गा, आणि या सगळ्याच्या मधून भाजीचे वाफे. तटबंदीच्या आत वांगी पिकवणारा किल्ला मला फार शहाणा वाटतो. चहूकडे खारं पाणी असून इथल्या विहिरींना गोडं पाणी आहे. बेटाचा किनारा मात्र समुद्र वर्षागणिक खात चालला आहे.

कोळीवाड्यातून जाताना बोंबील वाळत घातलेले दिसतील. नीट बघा, ते जोडीनेच टांगलेले असतात : एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून दोरीच्या दोन बाजूंना सोडलेले. दिवसभर उन्हात लटकून, तोंडात तोंड अडकलेलं, आणि तरी कोणी पडत नाही. या सहलीतून शिकण्यासारखं दांपत्यजीवनाविषयी जे काही आहे ते त्या दोरीवर आहे. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

पायरी सहावी : नळी

आता पाण्याखालचं. नवशिक्यांनो, वसईच्या समुद्रात स्नॉर्कलिंग करू नका. कळंबला नाही, राजोडीला नाही, अर्नाळ्याला नाही. उल्हास आणि वैतरणा या दोन नद्या आपला गाळ इथेच आणून टाकतात, आणि खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटी जोरदार होत जात असल्यामुळे तो गाळ कधी खाली बसत नाही. मास्क लावून डोकं बुडवलंत तर आपलाच हात कोपरापर्यंत दिसतो. शिवाय पाण्याखाली ओढही आहे. या किनाऱ्यांवर दर वर्षी माणसं बुडतात. यात विनोद नाही. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहा आणि परत फिरा.

सराव घरी करा. मास्क आणि नळी मागवा, बादली भरा, गुडघ्यावर बसा, तोंड बुडवा. तोंडानेच श्वास घ्यायचा, नाक विसरायचं. पहिल्या दिवशी नाकात पाणी जाईल. मास्कच्या काचेवर वाफ धरते, त्याला जगभर एकच मान्य उपाय आहे : काचेला आतून थुंकी लावून विसळणे. हे बायकोच्या मास्कला तुम्ही लावून देऊ नका, कितीही प्रेमाने असलं तरी.

मिशा असतील तर अडचण आहे. मास्कची रबरी कड मिशीवर बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. व्हॅसलीन चोपडून पाहा. नाहीच जमलं तर मिशी वरून थोडी छाटा. पूर्ण काढू नका. सुट्टीनंतर मिशी येईपर्यंत ऑफिसात जी चौकशी होते ती गाडी बंद पडल्याच्या चौकशीपेक्षा वाईट.

मग मालवणचं तिकीट काढा. गुजरातकडून कोकणात उतरणाऱ्या गाड्या वसई रोडलाच थांबतात, तेव्हा दादरला जाऊन धक्के खाण्याचं कारण नाही. कुडाळला उतरा. सायकल बरोबर नेलीत तर पार्सलच्या डब्यात नोंदवावी लागते आणि ती उतरेपर्यंत गाडी निघून जाण्याची धाकधूक होते. तारकर्लीत भाड्याने घ्या. मालवण ते तारकर्ली ते देवबाग हा रस्ता एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र घेऊन चालतो. देवबागेकडे तो इतका निमुळता होतो की दोघांनी शेजारी शेजारी सायकल चालवत भांडायला जागा उरत नाही. एकापाठोपाठच जावं लागतं. जो हळू, तो पुढे.

सिंधुदुर्ग किल्ल्यासमोरच्या पाण्यात खडक आहेत, त्यांवर प्रवाळ आहे आणि तळ दिसतो. भरती-ओहोटीतला फरकही वसईपेक्षा बराच कमी. हा पट्टा १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, तेव्हा होडीवाल्याशी त्या विषयावर गप्पा मारायच्या असतील तर किनाऱ्यावर परत आल्यावर मारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत नितळ. पाण्यात उतरल्यावर तीन गोष्टी वर्ज्य : प्रवाळावर उभं राहणं, माशांना पाव घालणं, आणि गोब्रा दिसल्यावर तो किती किलोचा असेल याचा अंदाज हातवारे करून सांगणं. शेवटचं वसईकरांना फार जड जातं.

दोघांच्याही तोंडात नळी असल्यामुळे या काळात संभाषण होत नाही. नवशिक्यांना याचं अप्रूप वाटतं. पण खुणा शिकून घ्या. स्कूबाची चव घ्यायची ठरवलीत तर विशेषच, कारण तिथे अंगठा वर करणं म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘मला वर न्या’. बायकोला रंगीत मासा दाखवून आनंदाने अंगठा वर केलेले किती तरी नवरे ताबडतोब होडीत परत आणून बसवले गेले आहेत. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करा.

पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. सायकलने माणूस पुढून भाजतो, स्नॉर्कलिंगने मागून. दोन्ही केल्यावर रात्री कोणत्या कुशीवर झोपायचं हा प्रश्न उरतो आणि एकमेकांच्या पाठीला कोरफड लावत बसावं लागतं.

किल्ला शेवटच्या दिवशी ठेवा. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात तो बांधून घेतला. आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. अर्नाळा पाहून आलेली जोडी इथे एकमेकांकडे बघून मान हलवते, आणि गाइडला ‘आमच्याकडेही आहे असंच’ हे सांगितल्याशिवाय राहत नाही. सांगा. त्याला सवय आहे. रत्नागिरीकर, अलिबागकर, मुरुडकर सगळे हेच सांगून जातात.

पायरी सातवी : जून ते ऑगस्ट

या महिन्यांत मालवणच्या होड्या बंद, अर्नाळ्याचा समुद्र खवळलेला, आणि पहिल्या पायरीत सांगितल्याप्रमाणे वसई पुन्हा बेट होण्याच्या बेतात. मास्क गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. सायकलची चेन रॉकेल मिळालं तर रॉकेलने, नाही तर डिझेलने पुसून तेल द्या. खाऱ्या हवेत ती महिनाभरात गंजते. दोन्ही सायकली जिन्याखाली लावा. शेजारच्या जोडप्याने एखादा व्हिडिओ पाहून मागितल्या तर द्या, आणि म्हणा, राहू दे तुमच्याकडेच.